घोड्याचं नाव पाटीवर होतं

मंडळी, आज दुपारचं डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय.

आमच्या न्यू जर्सीच्या कौंटीत ब्रिटिशांच्या काळातली काही घरं अजून जपून ठेवली आहेत. सासूबाई पुण्याहून आल्यात. त्यांना आणि माझ्या लेकीला घेऊन त्यातलं एक घर बघायला गेले. आत मालकाचं मोठं चित्र, त्याच्या चिनी मातीच्या बश्या. त्याच्या लाडक्या घोड्याचं नावसुद्धा पाटीवर लिहिलेलं!

बघून झाल्यावर भूक लागली. घरामागे झाडाखाली छान गवत होतं. आपल्या सवयीप्रमाणे मी सतरंजी टाकली आणि एका बसक्या दगडावर पुरीभाजीचा डबा ठेवला.

लेक कुंपणाजवळची छोटी पाटी वाचत होती. ती ओरडलीच, "मॉम, गेट अप! दीज आर ग्रेव्हज!"

त्या घरात राबलेल्या गुलामांना तिथे पुरलं होतं. ते दगड म्हणजे त्यांच्या खुणा. माझ्या डब्याखालचाही.

सासूबाईंनी चपला काढल्या. गेलेल्यांसाठी घास काढायचा म्हणून एका पुरीवर भाजी घेतली, आणि थांबल्या. "अगं, कुणाच्या नावाने ठेवू?"

मी आत जाऊन तिथल्या म्हाताऱ्या गाईडबाईंना विचारलं. त्यांनी मान खाली घातली. म्हणाल्या, "नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत."

ती पुरी सासूबाईंनी नॅपकिनमध्ये गुंडाळून घरी आणली. आता ओट्यावर आहे. खाववत नाही, टाकवत नाही.

तुम्ही काय केलं असतं?