एका फ्रेमचाही फरक नाही

मॅक्सवेल लोबोला मालवणात सगळे वाजवणारा माणूस म्हणून ओळखत. चर्चमध्ये रविवारी ऑर्गन तोच वाजवी, लग्नात कीबोर्ड तोच वाजवी. पण ज्या कामावर त्याने मुंबईत तेवीस वर्षं पोट भरलं ते काम वाजवण्याचं नव्हतंच. एका रेकॉर्डिंग स्टुडिओत पडद्यावरचं चित्र आणि यंत्रातलं संगीत एकमेकांना बांधून ठेवायचं, एवढंच त्याच्याकडे होतं. दार आपटलं की ढोल त्याच क्षणी पडला पाहिजे. क्षण म्हणजे किती, तर सेकंदाचा पंचविसावा भाग. त्याला फ्रेम म्हणतात, आणि मॅक्सवेलला एक फ्रेम इकडची तिकडे झालेली डोळे मिटूनही कळायची.

पुढे चित्र आणि संगीत एकाच संगणकात मावायला लागलं, आणि स्टुडिओत मॅक्सवेलसाठी खुर्ची उरली नाही. पन्नाशीला आलेला मॅक्सवेल गावी परतला. त्याची बायको इमेल्डा इथल्याच शाळेत शिकवत होती, त्यामुळे चूल अडली नाही. पण माणूस आतून आंबला तो आंबलाच. कोणी मुंबईचा विषय काढला की उठून विहिरीवर जायचा.

अशी बारा-तेरा वर्षं गेली आणि एक दिवस भाई परुळेकर दारात आले. तारकर्लीच्या रस्त्यावर भाईंचं हॉटेल. त्यांनी शेजारी एक छोटं सभागृह बांधलं होतं. पर्यटकांसाठी रापणीच्या मासेमारीवर बावीस मिनिटांची फिल्म करून घेतली होती: पहाटेची होडी, किनाऱ्यावर दोर ओढणारी अख्खी वाडी, वाळूवर येणारं जाळं. फिल्मला नुसतं संगीत नको, समोर बसून कोणीतरी पखवाज वाजवावा, अशी भाईंची हौस. त्यासाठी धामापूरच्या बाबली मेस्त्रीला बोलावलं होतं. बाबलीने पस्तीस वर्षं दशावतारी कंपनीत पखवाज वाजवला होता. संकासुर रंगात कधी येतो आणि कधी पडतो, हे नटाच्या आधी त्याच्या बोटांना कळत असे.

"मास्तरा, सगळा बरा आसा," भाई म्हणाले, "पण म्युझिक आदी येता आणि जाळा वाळूत मागसून येता. लोक हसतत."

मॅक्सवेल गेला, एक खेळ पाहिला, आणि दुसऱ्या खेळाला हातात घड्याळ घेऊन बसला. फिल्म एका संगणकावर चालत होती, संगीत दुसऱ्यावर. चालवणारी पोरगी पूजा दोन्ही बटणं एकदम दाबायची. सुरुवात जुळायची, शेवटाला सव्वा सेकंदाचं अंतर पडायचं. मॅक्सवेलला लगेच उमगलं. फिल्म मुंबईतल्यासारखी पंचवीस नव्हे, सेकंदाला एकोणतीस फ्रेम आणि वर थोडं, अशा चालीने जात होती. संगीत करणाऱ्याने सरळ तीस धरले होते. एवढासा फरक, पण बावीस मिनिटांत तो साचत जायचा.

त्याने संगीत नव्या चालीवर बसवलं आणि दोन्ही संगणकांच्या मधे एक वायर टाकली. त्या वायरीतून आवाज जात नाही, नुसता निरोप जातो. वाद्यं आणि संगणक ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात त्या मिडी नावाच्या भाषेत चित्राचा संगणक सतत सांगत राहतो, मी आता इतक्या तासावर, इतक्या मिनिटावर, इतक्या सेकंदावर, इतक्या फ्रेमवर आहे. यालाच टाइमकोड म्हणायचं. संगीताचा संगणक तो निरोप ऐकत मागून चालतो. चित्र थांबलं की संगीत थांबतं. शाळेची सहल आली म्हणून मधला भाग वगळला, तर संगीत आपण होऊन पुढची जागा पकडतं.

राहिला बाबली. त्याच्या कानात यंत्राची टिकटिक द्यायची आणि त्याने तिच्यावर वाजवायचं, ही रीत. बाबलीने दोन दिवस प्रयत्न केला आणि कानातलं काढून ठेवलं.

"माका ह्या जमना नाय," तो म्हणाला. "दोर ओढतत तेंचो दम बघान मी वाजयतंय. तुझी टिकटिक दम घेणा नाय."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, शिका. मॅक्सवेलला मात्र त्यात खरं काहीतरी दिसलं. त्याने बाबलीला एकट्याला सभागृहात बसवलं, समोर चित्र लावलं, पखवाजापुढे दोन माइक ठेवले आणि सांगितलं, "तुका हवा तसा वाजव. ह्या नुसता मापाक घेतंय. तुझ्या हातार टिकटिक बसवतंय."

बाबलीने त्या सकाळी बावीस मिनिटं असा पखवाज वाजवला की पूजा दारातच उभी राहिली. मॅक्सवेल मग अकरा दिवस त्या रेकॉर्डिंगवर बसला. थापेथापेला यंत्राची चाल सैल केली, आवळली, जिथे बाबली रेंगाळला तिथे सगळी व्हायोलिनं रेंगाळवली. मुंबईत असं काम त्याला कोणी करू दिलं नसतं. काम झाल्यावर बाबलीचं रेकॉर्डिंग त्याने ट्रॅकवर तसंच ठेवलं, आवाज बंद करून.

दिवाळीपासून खेळ नव्याने सुरू झाले, सकाळी अकराला आणि दुपारी चारला, आणि भाईंनी मॅक्सवेलला वरच्या काचेच्या खोलीत यंत्रावर नोकरीला ठेवलं. जाळं वाळूत यायचं, त्याच क्षणी बाबलीची थाप पडायची आणि पहिल्या रांगेतली माणसं मागे सरायची. दोघं दुपारचं जेवण हॉटेलच्या मागे एकत्र घेत. बाबली त्याला कंपनीतल्या गोष्टी सांगे, मॅक्सवेल मुंबईच्या सांगे. विहिरीवर जाणं बंद झालं.

जानेवारीत बाबलीची मुलगी नम्रता बांद्याला बाळंत झाली. बाबली दोन दिवसांची रजा मागून गेला. त्याच दिवशी कोल्हापूरहून दोन बसगाड्या भरून माणसं आली. खेळ बंद ठेवावा, असं भाई स्वतःच म्हणाले.

मॅक्सवेल म्हणाला, "बंद कित्याक? बाबलीचा रेकॉर्डिंग आसा माझ्याकडे."

हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं. कोणी त्याच्या तोंडातून काढून घेतलं नव्हतं.

त्याने बंद ट्रॅक उघडला, थोडा आवाज चढवला. जाळं आलं, थाप पडली, पहिली रांग मागे सरली. खेळ संपल्यावर टाळ्या नेहमीपेक्षा जास्तच वाजल्या. भाई मागच्या दाराशी उभे होते.

"मास्तरा, खरा सांग. फरक पडता?"

मॅक्सवेलला तेव्हा खोटं बोलता आलं असतं. समोरचा माणूस लागतो, आवाज पोकळ वाटतो, सिग्नल तुटू शकतो, असं काहीही सांगितलं असतं तरी भाईंनी मान डोलावली असती. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. पण मॅक्सवेलच्या आत बारा वर्षं उपाशी राहिलेला कारागीर बसला होता, आणि त्याला कोणीतरी पहिल्यांदाच त्याच्या कामाबद्दल विचारत होतं.

"एका फ्रेमचोय फरक नाय," तो म्हणाला. छाती फुगवून म्हणाला.

बाबली परत आला तो पेढे घेऊन. भाईंनी पेढा खाल्ला आणि सांगितलं, "बाबली, तू बसतंस तसोच बस. फेटो बांध, हात हलव. आवाज मात्र यंत्रातलो. काय होता, तुझो हात कधी चढता, कधी पडता. यंत्रातलो कसो रोज सारखो."

पखवाजाच्या तोंडावर आतून फडकं लावायचं ठरलं, म्हणजे थाप पडली तरी आवाज फुटू नये. बाबलीने मॅक्सवेलकडे पाहिलं. मॅक्सवेल वायर गुंडाळत होता.

घरी त्याने इमेल्डाला सांगितलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली ठेवून ती म्हणाली, "तुका मुंबयत असाच केल्यांनी, तेव्हा दोन म्हयने तू कोणाशी बोलूक नाय."

"मी खंय तेका काढलंय? बसता मा तो थंयच."

"बसता," इमेल्डा म्हणाली, आणि पेन उचललं.

बाबली एकोणीस दिवस तसा बसला. थापा मारायचा, हात बरोबर जागेवर पडायचे, पण डोळे पडद्यावर नसायचे. जेवायला हॉटेलच्या मागे येईनासा झाला. डबा सभागृहातच, खुर्च्यांच्या मधे बसून खायचा.

विसाव्या दिवशी खेळ संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ स्टेजवर चढले. स्वतः भजनात पखवाज वाजवणारे होते. त्यांनी वाकून बाबलीच्या पायाला हात लावला.

"बुवा, काय हात आहे तुमचा. पन्नास वर्षांत असा ऐकला नाही."

"तो माझो न्हय," बाबली म्हणाला.

"हीच तर मोठ्या माणसाची खूण," ते गृहस्थ डोळे पुसत म्हणाले आणि खाली उतरले.

बाबलीने फेटा सोडला, घडी घालून खुर्चीवर ठेवला, पखवाज खांद्याला अडकवला आणि बसस्टॉपकडे चालू लागला. मॅक्सवेल दारापर्यंत गेला. मग परत यंत्राकडे वळला. चारचा खेळ रिकाम्या आसनासमोर झाला. कोणी काही विचारलं नाही.

पंधरा दिवस मॅक्सवेलने काढले. मग एका सोमवारी, सभागृह बंद असतं त्या दिवशी, तो धामापूरला गेला. बाबली पडवीत सुपाऱ्या सोलत होता. त्याची बायको यशोदा आतून आली, मॅक्सवेलला पाहून पुन्हा आत गेली. चहा आला, पण तो बाबलीने आणला.

"बाबली, माझा चुकला. मी भाईंका तसा बोलूक नको होता."

"काय बोललंस?"

मॅक्सवेलने सांगितलं. शब्दही तेच सांगितले.

बाबलीने नवी सुपारी सोलायला घेतली. "खराच बोललंस तू," तो म्हणाला. "गेल्या आयतवारी मी इल्लंय थंय. तिकीट काढलंय, मागच्या रांगेत बसलंय. तू वर काचेमागे होतंस, तुका दिसूक नाय."

"कित्याक इलंस?"

"बघूक. म्हटलंय, खंयतरी चुकतला. एक थाप मागे पडली तरी माका पुरे होती." त्याने सोललेली सुपारी टोपलीत टाकली. "नाय चुकला. त्या सकाळी माझो हात बरो होतो, मॅक्सू. आता तसो पडणा नाय. तेच्याशी माझी बरोबरी कशी होतली?"

"मी तो ट्रॅक पुसून टाकतंय."

"पुसशीत? तो गेलो तर माझा काय रवला?"

चहा निवला. निघताना त्याने यशोदेला आत पाहून हात जोडले. ती चुलीशी बसली होती. "भावजी," ती म्हणाली, "तेणी पखवाज माळ्यार टाकल्यानी. देवळातसून बोलावणा इला, तरी जावक नाय." एवढं बोलून तिने तोंड फिरवलं.

मॅक्सवेलने ट्रॅक पुसला नाही. नोकरीही सोडली नाही. सोडण्याचा विचार त्याने केला, आठवडाभर केला, आणि मग तोही मागे पडला. मे महिन्यात भाईंनी तिसरा खेळ सुरू केला, दुपारी दीडचा. आसनावर आता एक पितळी समई ठेवलेली असते. मॅक्सवेल काचेमागे बसतो, चित्र सुरू करतो, आणि आकड्यांच्या ओळीवर नजर ठेवतो. जाळं वाळूजवळ यायला लागलं की बाबलीची थाप पडण्याआधी तो कानावरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवतो. त्या दीड मिनिटात त्याला तपासण्यासारखं काही नसतं.