शाळेत गेलेलं दिवाळीचं पिस्तूल

माझे बाबा पुण्यात फौजदार होते. निवृत्तीनंतर एका दिवाळीला इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आमच्याकडे आले, ते चकल्यांच्या डब्याबरोबर नातीसाठी टिकल्यांचं पिस्तूल घेऊन. काळं, वजनदार, हुबेहूब. टिकल्या विमानात चालत नाहीत, त्यामुळे आमची कन्या तोंडानंच ठो ठो करत घरभर हिंडायची.

शाळेत दिवाळीचं शो अँड टेल होतं, म्हणजे घरची वस्तू नेऊन वर्गाला दाखवायची आणि तिच्याबद्दल सांगायचं. मी तिच्या बॅगेत पणती ठेवली. पिस्तूल तिनं आपलं आपण कमरेला खोचलं, आजोबांनी दाखवलं होतं तसं, आणि वरून स्वेटर घातला.

सकाळीच शाळेतून फोन आला. रांगेत तिच्या बाईंना स्वेटरखाली दस्ता दिसला होता. त्यांनी बाकीची मुलं हॉलबाहेर नेली आणि हिच्याकडून पिस्तूल काढून घेतलं. पोलिसांना कळवायचं का, हिला काही दिवस घरी ठेवायचं का, हे आता ठरणार होतं.

माझं डोकंच फिरलं. बाबांना घेऊन निघाले, आणि गाडीत माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "आपल्याकडे शेंबड्या पोराच्या हातात असतं असलं पिस्तूल! राईचा पर्वत करतात मेले. मी कौन्सिलला कम्प्लेंट करणार."

बाबा एवढंच म्हणाले, "आत मी बोलेन ते इंग्रजीत सांग. पदरचं काही घालू नकोस."

हेडटीचरनी शांतपणे कायदा सांगितला. कारणाशिवाय खोटं पिस्तूल घेऊन रस्त्यावर फिरणं हाही इथे गुन्हा, आणि असली हुबेहूब खेळणी विकायलासुद्धा आता बंदी.

"चूक माझी आहे," बाबा म्हणाले. "मी आणलं, कमरेला लावायला मीच शिकवलं. पोरीला शिक्षा नको."

मी भाषांतर करायचंच विसरले. चूक माझी, हे शब्द त्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते. आईनं तर नाहीच नाही. भानावर येऊन मी ते इंग्रजीत सांगितलं.

"पिस्तूल खरं की खोटं, हे धरणाऱ्याला ठाऊक असतं, समोरच्याला नाही," ते पुढे म्हणाले. "मीही आधी मुलंच बाहेर काढली असती. त्या बाईंना भेटता येईल?"

बाई आल्या. विशी-बाविशीची पोर. बाबांनी टाचा जुळवल्या आणि तिला कडक सॅल्यूट ठोकला. माझा ऊर भरून आला. फौजदाराची मुलगी म्हणून मी लहानपणी काय कमी मिरवले? पण हे वेगळंच होतं.

पिस्तूल शाळेनं ठेवून घेतलं; पोलिसांना कळवायचं नाही आणि मुलीला वर्गात पाठवायचं, असं ठरलं. ती बाहेर खुर्चीवर रडून लाल झाली होती.

"मम्मी, मी बॅड गर्ल आहे?"

"नाही गं. आजोबांनी सांगितलंय, चूक त्यांची आहे. सॉरी म्हणाले ते."

ती डोळे पुसायची थांबली. "पण आजोबा तर पोलीस आहे. ते पण सॉरी बोलला?"

"हो," मी म्हणाले, "सगळ्यांसमोर."