दिन्यानं पाठवलेला शेवटचा हॅश

दिन्यानं मला फसवलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं, अन् माझा राग काही कमी झाला नाही.

साखरखेर्ड्यात आमचा दोघांचा कॉम्प्युटर क्लास. हॅश म्हणजे काय, हे मला त्यानंच शिकवलं.

"कोनताही शब्द टाक, त्याचा अक्षर-आकड्यांचा ठसा निघते. ठशावरून शब्द काही केल्या परत निघत नाही. एक टिंब बदललं त सारा ठसाच बदलते. समजलं का बे?"

मग आमचा खेळच झाला. मॅचच्या आधी तो जिंकणाऱ्या टीमचा हॅश व्हॉट्सॲपवर टाकायचा. मॅच संपली की शब्द सांगायचा, मी हॅश काढून ताडून पाहायचो. मागाहून शब्द फिरवायची सोयच नाही.

पोटदुखीनं जालन्याला ॲडमिट झाला, तेव्हा मी फोन केला. "रिपोर्ट आला का?"

"आला. एका शब्दात हाय. हॅश पाठवतो, घरी आलो की उघडू."

"साधंच हाय ना?"

"हाव बे. बॅच सोडून येऊ नको."

नाही गेलो. पोरांची परीक्षा तोंडावर होती. पंधरा दिवस त्याला रोज जोक फॉरवर्ड करत राहिलो. जोक!

सोळाव्या दिवशी तो गेला.

"यायले पहिल्याच दिवशी समजलं होतं, भाऊजी," वहिनी रडत म्हणाली. "तुमाले सांगतलं हाय म्हने."

मला? कधी?

क्लासवर आलो. तो हॅश समोर घेतला अन् टाइप केलं: कॅन्सर.

पहिल्याच फटक्यात जुळला.

मॅचच्या वेळी तो टीमच्या नावाला एखादा फालतू शब्द जोडायचा, नाहीतर दोन्ही नावं टाकून मी आधीच उघडला असता. इथे काहीच जोडलं नव्हतं. मला कधीही उघडता आला असता. पंधरा दिवस तो वाट पाहत असेल.

अन् मी इमानदारीत खेळत बसलो.

अरे लेका, असं सांगतात का दोस्ताले? तोंडानं "हाव" म्हणला तू. मी त्या "हाव"वर राह्यलो. इतका हुशार माणूस, अन् तुले सरळ बोलता नाही आलं?

एकदा "ये बे" म्हणला असता, त परीक्षा गेली खड्ड्यात, मी तुह्या उशाशी येऊन बसलो असतो.

श्रद्धांजली वाहतो, दिन्या.

माफ मात्र केलं नाही. ना तुले, ना मले.