मांड्यांचा गहू

ह्यांची मिलमध्ये दिवसपाळी, म्हणून वर्षाचा गहू घ्यायला मलाच जावं लागलं. गुजरातेत, डिंडोलीत येऊन चार महिने झालेले, कडेवर आठ महिन्यांची पोर, माझी शाळा सातवीपर्यंत आणि तीही अर्धीमुर्धी. गुजराती कळायची, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासू गावाहून येणार होत्या आणि आखाजीला आमच्याकडे मांडे लागतात. हातावर पसरवत पसरवत उपड्या खापरावर टाकायचे, गहू चिवट नसला तर हातावरच फाटतात. सासूंसमोर माझे पहिलेच मांडे, तीच भीती घेऊन दुकानात शिरले.

दोन पोती उघडी होती. एकात लोकवन, जरा मळकट. दुसऱ्यात भालिया, लांब, सोन्यासारखा. आईने शिकवलेलं, दिसण्यावर जायचं नाही, दाणे चावत राहायचं, गोळा झाला आणि ओढल्यावर लांबला की तो गहू मांड्यांचा. मी तोंड फिरवून चावलं. भालिया तुटत गेला, लोकवन ओढला तसा लांबला. कळलं मला. तेवढ्यात दुकानवाला बाजूच्या बाईला म्हणाला, बेनला भूक लागलेली दिसते. सगळे हसले, पोर रडायला लागली, मी तिला थोपटत राहिले. त्याने भालियात हात घातला.

"आ भरी दउं ने, बेन?"

हाच भरून देऊ ना, असं विचारत होता. मी हो म्हणून मान डोलावली.

गावाला गव्हाला कीड लागू नये म्हणून एरंडेल चोळायला पाचसहा जणी बसतात. इथे मी एकटीच चोळत बसले, शेजारच्या दाराला कुलूप. तेल लागलं की गहू परत देता येत नाही, तेही माहीत होतं. आईला विचारावं तर एसटीडीवाला समोरच होता, पण गावाकडे आईच्या गल्लीत फोनच नव्हता.

आखाजीला पहिला मांडा फाटला, दुसरा, तिसराही. सासू उठल्या, कोठीतले चार दाणे तोंडात टाकून चावत राहिल्या.

"दाना चावी देख्या नही का?"

"देख्या."

"मंग?"

"माले बोलता उनं नही."

दुकानात बोलताच आलं नव्हतं मला. सासूंनी फाटलेले तुकडे आमरसात कुस्करून खाल्ले. चौथ्या दिवशी गावाला परतल्या.

कोठी भरलेलीच होती. वर्षभर त्याच गव्हाच्या पोळ्या लाटल्या, आणि लाटताना, घरात कोणी नसायचं तेव्हा, पोरीला म्हणून दाखवायची, "ए नहीं, पेला आपो." हा नको, तो दुसरा द्या.