अडकलेलं कडं

निवृत्तीनंतर फिटरने एकच चैन केली. जुना कॅमेरा घेतला आणि त्याच्या तोंडावर बसवायची फिरती काच, पोलरायझर. छायाचित्र मंडळ महिन्यातून एकदा रानात जाई. त्या फेरीतला एकच फोटो वाचनालयाच्या भिंतीवर लागे, खाली नाव घालून. फिटरला ते नाव हवं होतं. एकतीस वर्षं यंत्रं त्याने जुळवली. पाटी कायम दुसऱ्याची.

"रानातलं पाणी बघत हिंडा," बायको म्हणाली. "घरचा नळ गळतोय तो गळू दे."

त्या सकाळी डबक्याकाठी कॅमेरा तिपाईवर लावून तो पाऊण तास गुडघ्यांवर होता. काचेचं कडं केसभर फिरवायचं, बघायचं, पुन्हा केसभर. पुरतं फिरवलं की चकाकी जाई, तळाची पानं लख्ख दिसत. पण पाणीच नाहीसं होई. थोडं मागे आणलं की पानांवर आभाळाची एक पट्टी उरे. जागा सापडली. आता फांद्यांतून ऊन उतरायचं तेवढं बाकी होतं.

ऊन उतरलं आणि मागून हाक आली.

"फिटर, अरे जरा बघ रे. माझं कडं अडकलंय."

कारखान्यातले साहेब. तेही निवृत्त, तेही मंडळात.

फिटर उठला. साहेबांनी कडं चिमटीत दाबून दाबून आवळलं होतं. त्याने खिशातला सायकलच्या ट्यूबचा तुकडा कड्याभोवती गुंडाळला, सगळीकडून सारखा जोर देऊन फिरवलं. सुटलं. तिथेच थांबायचं होतं. पण काम अर्धवट सोडणं हाताला ठाऊक नव्हतं. आपला कॅमेरा बाजूला सारून त्याने साहेबांचा तिथे लावला, कडंही त्याच खुणेवर आणलं.

"दाबा, साहेब."

साहेबांनी दाबलं. फिटरने आपला कॅमेरा परत लावेपर्यंत ऊन गेलं होतं.

पंधरवड्याने तोच फोटो भिंतीवर लागला. खाली साहेबांचं नाव.

"काय पाणी पकडलंय!" लोक म्हणाले.

साहेबांनी फिटरच्या पाठीवर थाप मारली. "हा होता ना मदतीला. पण कडं काय, कुणीही फिरवेल. नजर लागते, नजर. खरं की नाही रे?"

"हो साहेब," फिटर म्हणाला.

घरी बायकोने विचारलं, "लागलं का नाव?"

त्याने सगळं सांगितलं. शेवटचे दोन शब्दही.

ती भाजी निवडायची थांबली. "अहो," ती म्हणाली, "पगार बंद होऊन चार वर्षं झाली की."