चिंधीदेवाची चिंधी आणि माझी बाही

भूतबित मी मानत नाही. उलट आमच्या एकोडीतली भुतंच मला पाहून वाट बदलायची! माझ्या गोष्टीत निम्मं पाणी असतं, हे गावाला ठाऊक आहे. ही मात्र बिनपाण्याची...

अठ्ठ्याहत्तर साल, माघ महिना. डोंगरापलीकडच्या गावी मुलगी पाहायला निघालो. सोबत भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. दोन सायकली, माझ्या अंगात नवाकोरा टेरीकॉटचा शर्ट. मुलीच्या बापाचा निरोप होता — "दुपारी पोरीला पाहायला तुमसरचा मास्तर येऊन राहिला. तुम्ही बाराच्या आत या, नाहीतर येऊच नका." मास्तरापुढे माझा काय निभाव!

साकोलीच्या पुढे जंगलातला कच्चा चढ. असा उभा, की पुढचं चाक नाकाला घासत होतं. अर्ध्यावर चिंधीदेव — म्हणजे मोहाचं झाड, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बांधलेल्या चिंध्यांनी लगडलेलं. नेमकी तिथेच माझी चेन उतरली. चढवता चढवता हात काळेकुट्ट. झाडाची एक चिंधी ओढली, हात पुसले, दिली दरीत भिरकावून.

"अबे, देवाची चिंधी हाये ते!" भाऊजी ओरडले.

"देवाजवळ शंभर हायेत भाऊजी. माझ्याजवळ शर्ट एकच."

निघालो. चढ, वळण, चढ... समोर तेच झाड! रस्त्याला फाटा नाही, काही नाही. पुन्हा निघालो, पुन्हा झाड. मागे फिरलो तर मागेही चढच — आणि वर झाड. एक पाखरू बोलेना. मी वीस फेऱ्या सांगतो, भाऊजी चार म्हणतात, चार धरा. पण धुळीत चाकांचे माग मात्र एकाच खेपेचे...

साडेअकरा झाले.

"भाऊजी, घड्याळ बरोबर हाये ना?"

"घड्याळ चालून राहिलं बे. आपणच कुठी जाऊन नाही राहिलो."

मग मी डावी बाही टरकावली, फांदीला बांधली. "मास्तराच्या आधी पोचव रे बाप्पा!"

पुढच्याच वळणावर उतार.

बाराला पाच कमी असताना एका बाहीनिशी पाटावर बसलो. मुलीने पोहे ठेवले, उघड्या दंडाकडे पाहिलं अन् हळूच म्हणाली, "चिंधीदेवाचं काय घेतलं तुम्ही?"

लग्नानंतर तिला घेऊन त्याच वाटेने आलो. फांदीवर माझी बाही होती. तिच्या शेजारी गाठ मारलेली, माझ्या बोटांच्या काळ्या ठशांची ती चिंधी. दरीतून वर कोणी आणली? भाऊजी आजही शपथेवर नाही म्हणतात.

माझ्या गोष्टीतलं निम्मं पाणी काढून टाका... चिंधी तरी उरतेच.