तीन थरांची बायको

हा गाढवपणा मीच सांगून टाकतो. दुसऱ्यानं सांगितला तर तिखटमीठ लावील, आन् इथं तर त्याचीबी गरज न्हाई!

माझी बायको शेवंता जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला मांडायला फोटो न्हाई. घरभर शोधून एकच सापडला. लग्नाआधी दोघी बहिणींनी शेजारी बसून काढलेला, पार विटलेला. तो घेऊन जामखेडहून नगरला गेलो. सावेडीतल्या एका स्टुडिओत नवा कॉम्प्युटर आला होता.

स्टुडिओवाल्यानं फोटो पडद्यावर घेतला. "बाबा, ह्यातल्या आजी कोणत्या?"

"डावीकडची. मला माझी बायको कळत न्हाई व्हय?"

त्यानं तेवढीच मोठी केली. बघतो तर गोरीपान!

"ही एवढी गोरी कशानं झाली? उन्हात राबलेली बाई हाय. सावळी कर."

"मूळ फोटोत अशाच आहेत, बाबा."

"तू बघितली हुतीस का तिला?"

मग त्यानं फोटोवर एक थर चढवला. लेअर म्हणतात म्हणे. वर रंगीत काच ठेवावी तसा. बाई जरा सावळी झाली.

"अजून!"

दुसरा थर.

"अजून!"

तिसऱ्या थराला मी "बास!" म्हणालो. आता कुठं शेवंता दिसायला लागली होती.

तेवढ्यात त्यानं पडद्याच्या कडेला एकेका थरापुढं असलेल्या डोळ्याच्या चित्रांवर क्लिक केलं आन् तिन्ही थर गायब! पुन्हा ती गोरी बाई.

"बघा, खालचा फोटो जसाच्या तसा आहे. नंतर कधीही बदलता येईल."

"बायको काय बदलायची वस्तू हाय? चिकटव समदं एकात!"

त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा ओरडलो. चिकटवलं.

वर्षश्राद्धाला तसबीर मांडली. कुंकू लावलं, हार घातला, हात जोडले. डोळे भरून आले. तेवढ्यात शेवंताची धाकटी बहीण कौसल्या आली. तसबिरीपुढं बसून तिनं पदर डोळ्याला लावला आन् तशीच थिजली.

"दाजी, आधी हार काढा. मी जित्ती हाय."

"अगं पन... सावळी..."

"त्या फोटोत अक्का उजवीकडं बसली हुती. चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवलात, दाजी. जेवताना एकदा तरी मान वर केली हुती का?"

हार काढला. पंगत बसली.

त्या दिवशीबी मी मान खाली घालूनच जेवलो.